पालीची अंडी आणि नवं मीटर

“मावशी, मालक हायत का घरी?”

तो माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. मावशी! मी मागे वळून पाहिलं, पण गिरणीत माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. मग लक्षात आलं, सकाळपासून ज्वारी दळत होते. केस, भुवया, पापण्या सगळं पिठानं पांढरंफेक झालं होतं. अप्पा बाजारात गेले की उमरग्याची आमची गिरणी माझ्याच ताब्यात असते.

मी ओढणीनं तोंड पुसलं. त्यानं पाहिलं... आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

“आता काय म्हणणार? ताई?” मी विचारलं.

“न्हाय... ताई तर मुळीच न्हाय म्हणणार.” आपण हे मोठ्यानं बोललो हे कळल्यावर तो हातातल्या खोक्याकडे बघायला लागला. “स्मार्ट मीटर बसवायला आलोय. मी सिद्धाराम. माकणीचा.”

जसं काही मी त्याचं गाव विचारलं होतं!

तेवढ्यात अप्पा आले. आमचे अप्पा म्हणजे बसप्पा गिरणीवाले. जुन्या मीटरवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त जीव. पुढे गिरणी, मागे घर आणि मधल्या भिंतीवर ते काळं मीटर, आत गोल फिरणारी चकती. घरात अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, इस्त्री लावली की चकती पळायला लागते आणि अप्पा गिरणीतूनच ओरडतात, “पार्वतम्मा, इस्त्री बंद कर!”

“तुझ्या मीटरला चकती हाय का?” अप्पांनी त्याला विचारलं.

“न्हाय काका, आकडे दिसतात.”

“आकडे कुनीबी दावंल. चकती फिरायलेली डोळ्यानं दिसती. आन् तुझं मीटर म्हनं घरातलं सगळं आफिसात सांगतंय. कवा उठलो, कवा च्या केला...”

“च्या केला ते न्हाय सांगत. वीज किती लागली तेवढंच...”

“चहाडखोर मीटर मला नको!”

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. कर्नाटक इथून हाकेवर, त्यात अव्वाचं माहेर आळंदचं. परक्या माणसासमोर घरातलं काही बोलायचं असलं की आम्ही सरळ कानडीत सुरू होतो. अप्पांनीही त्याच्याकडे बघून गोड हसत अव्वाला कानडीत सांगितलं, “या काडीपैलवानाला चहा पाज आणि घालव.”

“हुडुगा छलो अदान,” अव्वा म्हणाली. पोरगं चांगलं आहे. पुढं तिनं हेही विचारलं, की याच्या शर्टाची कॉलर कोण धुतं? तो समोर बसून शांतपणे चहा पीत होता. मला बिचाऱ्याची फार दया आली.

त्या संध्याकाळी माझ्या फोनवर मेसेज आला. ‘मीटर बदलण्यासाठी भेट दिली. घर बंद आढळले.’ विजेच्या अर्जावर नंबर माझा आहे, कारण अर्ज मीच भरला होता. मी मेसेज दोनदा वाचला. घर बंद? आणि आमच्या कपबशीत चहा प्यायला तो कोण?

पाच दिवसांनी तो पुन्हा आला. त्या दिवशी अप्पा जरा मऊ झाले होते, शेजारच्यांनी मीटर बसवून घेतलं होतं ना. “बघू दे बरं कसलं असतंय ते,” म्हणत ते उठलेसुद्धा. मीटर बसलं की सिद्धारामचं येणं संपलं! नव्या मीटरचं रीडिंग घ्यायलासुद्धा कुणी येत नाही म्हणे.

“आज नको!” मी म्हणाले. “मीटरच्या डब्यात पालीनं अंडी घातलीत.”

“अंडी?” सिद्धाराम शिडीच्या दुसऱ्या पायरीवर थांबला. “मग... कवा फुटतील?”

“दोन महिने तरी लागतात.”

“पालीच्या अंड्यांचं तुमाला लई ठावं दिसतंय.”

“बीएस्सी झालेय मी. झूऑलॉजी.”

“आसं व्हय,” तो म्हणाला. डबा उघडूनसुद्धा न बघता खाली उतरला आणि शिडी घडी करताना हळूच हसला. “मग अधनंमधनं येऊन चौकशी करावी लागंल. अंड्यांची.”

चौकशी दर आठवड्याला होत राहिली. एकदा मी सांगितलं, सोमवारी आम्ही भिंतीत खिळा ठोकत नाही. एकदा अव्वाचा उपास काढला. तो दरवेळी मान डोलवायचा, अव्वाच्या हातची शेंगापोळी खायचा आणि जाताना मागे वळून एकदाच बघायचा... त्या एका बघण्यावर माझा आठवडा जायचा. संध्याकाळी मेसेज ठरलेला. घर बंद आढळले.

एकदा तर मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी राहून कलबुर्गीच्या मावसबहिणीला फोनवर कानडीत सांगितलं, “देवा, हे मीटर कधीच लागू नये गं. लागलं की तो परत कशाला येईल? आणि हसला की त्याच्या गालावर इतकी गोड खळी पडते...” तो शिडीला टेकून उभा होता. अचानक त्याला खोकला आला. मी पाणीसुद्धा नेऊन दिलं.

सातव्या भेटीत तो म्हणाला, “उमरग्याचं काम संपत आलंय काका. आठवड्याभरात आमची टीम नांदेडकडं जाती. तुमचंच तेवढं ऱ्हायलंय.” बोलत अप्पांशी होता, बघत माझ्याकडे. माझ्या हातातलं सुपडं तिरकं होऊन अर्धं दळण खाली सांडलं.

“उद्या वेळामावस्या,” अप्पा म्हणाले. “मीटरबिटर काय न्हाय. शेतात ये जेवायला.”

वेळा अमावस्येला आमच्या भागात गावात चिटपाखरू नसतं, सगळे रानात. आम्हीही कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी केली, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा केली, हरभऱ्यावर आंबील शिंपडली. सिद्धाराम आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. पंगत बसली. अव्वा शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढता वाढता अप्पांना कानडीत म्हणाली, “अहो, जावई म्हणून कसा वाटतो?”

मला ठसका लागला.

“हा?” अप्पा कानडीत म्हणाले. “गिरणीचा पट्टा तरी ओढवेल का या काडीपैलवानाला?”

सिद्धारामनं आंबिलीचा पेला खाली ठेवला. “ओढवेल काका,” तो म्हणाला. “शिकवलंत तर गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकीसुद्धा लावीन.”

कानडीत. स्वच्छ, सुरेख, अफजलपुरी कानडीत.

अप्पांच्या हातातला बाजरीचा उंडा ताटात पडला. “तुला... कानडी येतंय?”

“आज्जी अफजलपूरची माझी. मी पहिलं बोललो तेच कानडीत.”

अप्पांना त्यांचा काडीपैलवान आठवत होता, अव्वाला कॉलर आठवत होती आणि मला... मला ती खळी आठवली. मी ताट तसंच टाकून कोपीच्या मागं पळाले. कडब्याआडून अप्पांचा आवाज आला.

“सुरुवातीपासनं ऐकायलास? आन् बोलला न्हाईस?”

“काय बोलू? घरातलं हाय, घरातच ऱ्हावं. कुनाला सांगितलं न्हाय.”

मग अप्पा म्हणाले, “पार्वतम्मा, ह्यानं दीड म्हैना आपलं सगळं ऐकलं आन् भाईर एक शब्द जाऊ दिला न्हाय. आसल्या मानसानं बसवलेलं मीटर चहाड्या करनार न्हाय. उद्याच बसव रे!”

झालं. ज्याची मला भीती होती तेच झालं.

तो कोपीमागं आला तेव्हा मी ज्वारीचं धाट मोडत उभी होते. लाज होती, पण रागही होता, आणि राग बरा पडतो अशा वेळी. मी फोन त्याच्यापुढं धरला. “घर बंद. घर बंद. घर बंद. पाचव्या वेळी तर तू शेंगापोळी खात होतास!”

त्याचं तोंड उतरलं. “हा नंबर... तुजा हाय?”

“खोटं का लिहिलंस?”

“नकार लिहिला की तिसऱ्या नकाराला काम दुसऱ्या टीमकडं जातंय. मग मला... यायला कारण ऱ्हायलं नसतं.”

वारा आला. ज्वारी सळसळली. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत विचारलं, “आणि फोनवरचं ऐकलंस ते? तेव्हाच का नाही बोललास?”

“तू कानडीत बोललीस. म्हंजी मी ऐकावं म्हनून न्हवतं ते.” तो थांबला. “मराठीत कवा सांगतीस... त्याची वाट बघायलो.”

माझी छाती गिरणीसारखी धडधडत होती. मी मान वर केली.

“तू मला आवडतोस,” मी मराठीत सांगितलं. “लई.”

खळी पडली.

दुसऱ्या दिवशी त्यानं डबा उघडला आणि आतून खरोखरची एक पाल सळकन बाहेर पळाली. “बघ! पोरगी खोटं बोलत नव्हती,” अप्पा म्हणाले. मी आणि सिद्धाराम एकमेकांकडे बघू शकलो नाही. नवं मीटर लागलं, जुनं चकतीवालं उतरलं. अप्पांनी नव्याला हळदीकुंकू लावलं आणि नजर रोखून म्हणाले, “सिद्धारामासारखं ऱ्हा.”

“होगि बर्तीनि अव्वा,” तो निघताना म्हणाला. जाऊन येतो. अव्वानं पदरानं डोळे टिपले. मी मात्र रडले नाही. संध्याकाळी मेसेज आला, ‘मीटर बसवले,’ तेव्हा रडले.

पुढचा आठवडा मोठा गेला. फोन होत होते, पण फोनला खळी कुठून येणार? रविवारी मी नेहमीसारखी पिठानं पांढरी होऊन दळत होते, आणि दारात मोटारसायकल थांबली. मागे ज्वारीची गोणी बांधलेली.

अप्पा बाहेर आले. “माकणीहून उमरग्याला दळन? वाटंत किती गिरन्या हायत!”

“सगळ्या बंद हायत काका,” सिद्धाराम डोळ्याला डोळा देऊन म्हणाला.

अप्पांनी अव्वाकडे बघितलं. काहीतरी कानडीत बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. बिचाऱ्यांना गुपित बोलायला आता भाषाच उरली नव्हती. अव्वाला दंडाला धरून आत घेऊन गेले. आत बरीच कुजबुज झाली. मी आणि तो श्वास रोखून उभे. मग अप्पा बाहेर आले, घसा खाकरून म्हणाले, “गोनी उतरव. आन् हिकडं ये, पट्टा कसा वढायचा ते बघून घे. घरच्या मानसाला यायला पायजे.”

घरच्या माणसाला! माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. सिद्धारामनं बाह्या सरसावल्या, माझ्या जवळून जाताना वाकला आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत विचारलं, “दळन कवा न्यायला येऊ, मावशी?”

गिरणी माझ्या शेजारी कानठळ्या बसेपर्यंत घरघरत होती.

“गिरणी बंद आहे,” मी ओरडून सांगितलं. “पुढच्या रविवारी या!”