शिंपल्यांवरची पावलं

दिवे गेले तर जाऊ देत, सिगा. बॅटरी जपून ठेव, उद्या पाहुण्यांना फिरवायचंय तुला. बस इथे कठड्याला टेकून. आणि बिराम, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. एकदा सुरुवात केली की मला मध्ये दात दिसलेले चालणार नाहीत.

मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आधीच सांगतो. ज्याच्यावर गुदरलं तो डिएगान माझा जिवाचा मित्र. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी या आपल्या फादियूत बेटावर पाहुणे फिरवले. तो बोलायचा, मी होडी हाकायचो. थापाही मारायचा बरं का. तीच गोरखचिंच एका पाहुण्याला आठशे वर्षांची, दुसऱ्याला हजार वर्षांची. पण पोटच्या पोराबद्दल माणूस थापा मारत नाही.

त्याचा पोरगा लातिर. असता तर तुमच्याहून चार वर्षांनी मोठा असता. एके वर्षी पाहुणे आटले, हाताला काम नाही. पोरगा आईला म्हणाला, म्बूरला मामाकडे जाऊन येतो. मामाकडे पोचलाच नाही. साठ जणांबरोबर होडीत बसून स्पेनला निघाला. ती होडी तिकडे लागली नाही आणि इकडे परतली नाही. दोन वर्षं गेली, साधा फोनसुद्धा नाही.

डिएगान म्हणायचा, फादरना सांगून चर्चमध्ये मिस्सा करू, दफनभूमीच्या टेकडीवर क्रूस लावू. कुंबा, म्हणजे त्याची बायको, अंगावर धावून जायची. "जित्या पोराला क्रूस लावताय? आधी मला पुरा!" गाव म्हणे, बाईचं डोकं फिरलं. डिएगान होडीत मला विचारायचा, "वागान, मेला म्हणून रडू, की येईल म्हणून वाट बघू? दोन्हीतलं एक काहीतरी करू द्या रे मला." मी वल्हं मारत राहायचो.

तर ती रात्र. एकोणीस सालचा मार्च, आठ तारीख, शुक्रवार. अमावास्या होऊन दोनच दिवस झालेले, चंद्राची कोर जेवणाआधीच मावळलेली. त्या दिवशी एक म्हाताऱ्या फ्रेंच बाई आल्या होत्या. पासपोर्टची पिशवी विसरल्या. कुठे? टेकडीवर, मोठ्या क्रुसापाशी. पहाटे चारला त्यांची गाडी विमानतळाला निघणार. बाई रडकुंडीला आल्या. डिएगान म्हणाला, "त्यात काय, आणून देतो की." अकराला दहा कमी असताना हातात टॉर्च घेऊन निघाला.

आपल्या दफनभूमीचा पूल दिवसा पार करायचा वेगळा आणि रात्री वेगळा. खाली ओहोटी लागलेली, तिवरांत चिखल वाजतोय. पलीकडे टेकडी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत नुसते शिंपले. पाय ठेवला की आवाज होणारच. गावातल्या गल्ल्याही शिंपल्यांच्याच, इथे चोरपावलांनी कोणी चालू शकत नाही, म्हणून तर इथले नवरे सरळ राहिले. अंथरुणात पडल्यापडल्या आपल्याला कळतं गल्लीतून कोण गेलं. बिराम, परवा पहाटे तू कुठून आलास तेही मला ठाऊक आहे. हसू नको सिगा, तुझाही आवाज ओळखतो मी.

डिएगान वर गेला. पिशवी क्रुसाच्या चौथऱ्यावर तशीच पडलेली. उचलली, वळला, उतरायला लागला.

मागे आवाज झाला.

त्याला वाटलं डुक्कर. मग आठवलं, पूल ओलांडून डुकरं येत नाहीत. तो थांबला. मागचा आवाज थांबला. तो चालला. मागचाही चालला... एक पाय खणखणीत पडायचा. दुसरा घासत यायचा.

खर्र... सर्र.

खर्र... सर्र.

लातिर सात वर्षांचा असताना शिंपल्यानं त्याची डावी टाच कापली होती. तेव्हापासून तो पाय घासायचा. गावात अशी चाल दुसऱ्या कुणाची नव्हती.

"काका, मग ते वळले का मागे?"

वळला, सिगा. बाप होता ना. वळला आणि टॉर्च मारला.

कोणी नाही.

फक्त शिंपले. आणि उजेडात, त्याच्या देखत, एका जागचे शिंपले दबले. मग पुढचे. मग त्याच्या पुढचे. जवळ येत... येत... हातभर अंतरावर थांबले. समुद्राचा वास आला. खोल समुद्राचा, इथल्या खाडीचा नाही.

डिएगान म्हणाला, "लातिर?"

काही नाही.

"पाण्यात... होतास का रे?"

काही नाही.

 

मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुझी आई वाट बघते."

तसे शिंपले हलले. पावलं त्याच्या बाजूनं खाली गेली. खर्र... सर्र. पुलाकडे. गावाकडे. घराकडे...

आणि पोरांनो, डिएगान घाबरला. स्वतःसाठी नाही. कुंबासाठी. ती दार उघडेल, पोरगा म्हणून हाक मारेल, समोर हे. जागच्या जागी जीव सोडेल. तो धावला. पुलाच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला. स्वतःच्या लेकराला आडवा गेला.

"नको जाऊस, बाळा. तिला झेपायचं नाही. तू इथंच थांब. आजीआजोबा आहेत बघ इथं. इथं झोप."



तिवरांतला चिखलसुद्धा वाजेना.

मग पावलं वळली. सावकाश वर गेली. डाव्या हाताला, डिएगानच्या आईबापांच्या रांगेकडे. तिथे थांबली. पुन्हा वाजली नाहीत.

डिएगानला त्या रात्री रडू फुटलं. दोन वर्षांचं साचलेलं. मोठ्यानं रडला, पुलावर बसून. आता तरी त्याला कळलं होतं की रडायचंय. बाईंची पिशवी त्यानं वेळेत पोचवली, तेवढं काम मात्र चुकवलं नाही.

पहाटे घरी आला तर कुंबा उंबऱ्यात बसलेली. चूल पेटवलेली नाही, डोक्याला फडकं नाही. त्याला वाटलं, रात्रभर बाहेर होतो म्हणून भांडणार.

ती म्हणाली, "अहो, काल तो आला नाही."

"कोण?"

"लातिर. रोज येतो. दोन वर्षं झाली. रात्री माझ्या उशाशी, भिंतीच्या त्या बाजूला येऊन उभा राहतो. कोंबडा आरवला की जातो. मी कधी दार उघडलं नाही, कधी हाक मारली नाही. उघडलं तर दिसणार नाही, माहीत होतं मला."

"कुंबा, मला कधी बोलली नाहीस..."

"तुम्ही क्रूस लावायला निघाला होता! कुठून येतो हे मला कळत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? येत होता, तेवढं पुरे होतं मला. त्याची पावलं ऐकली की झोप लागायची." मग तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काल का नाही आला हो? कुणी अडवलं त्याला?"

डिएगान म्हणाला, "मला काय माहीत."

ज्या बाईला झेपणार नाही म्हणून तो आडवा गेला, तिला ते दोन वर्षं झेपत होतं. आणि त्यानं एका शब्दात तिचं तेवढंही काढून घेतलं. पुढच्या सात रात्री तो एकटाच टेकडीवर जाऊन ओरडायचा, "ये रे, घरी ये, चुकलो मी." एकदा मला घेऊन गेला, कशासाठी ते तेव्हा सांगितलं नाही. मी ऐकला तो फक्त आमच्या दोघांच्या पायांचा आवाज. घरी कुंबा भिंतीला कान लावून बसायची.

आठव्या दिवशी तीच म्हणाली, "सांगा फादरना. आता तो येत नाही."

मिस्सा झाली. रिकामी शवपेटी नको म्हणाली ती. नुसता लाकडी क्रूस घेऊन आम्ही दहाबारा जण वर गेलो. जागा कुठे ते डिएगाननं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नाही. त्याच्या आईबापांच्या रांगेत, शेवटच्या क्रुसापलीकडे, शिंपले माणसाच्या लांबीएवढे खाली दबलेले होते. आणि तेवढेच ओले.

मार्च महिना. पाच महिने पावसाचा थेंब नाही. भरतीचं पाणी तिथवर चढत नाही. कुंबानं वाकून हात लावला, बोट जिभेवर ठेवलं. कमरेचं फडकं सोडलं आणि ती जागा पुसायला लागली.

डिएगान पुढच्या वर्षी गेला. मरायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं मला हे सांगितलं. कुंबाला सांगू नको म्हणाला, मी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगायचं नाही, आणि पाहुण्यांना तर अजिबात नाही.

ती बाई अजून रोज संध्याकाळी कोरडं फडकं घेऊन टेकडीवर जाते. डोक्यापासून पायापर्यंत एकेक शिंपला पुसते. डाव्या टाचेपाशी जरा हलक्या हातानं. अंधार पडायच्या आत सगळं कोरडं करून येते.

सकाळी मी होडी घेऊन तिकडून जातो, तेव्हा पुन्हा ओलं असतं.