चढावरची टकटक

हे खरं आहे.

कुणी हसलं तरी चालेल. मी वाचणारी बाई आहे, भुताच्या गोष्टी कशा जमवतात ते मला कळतं. ही मला जमवता आली असती, तर मी वेगळी जमवली असती.

गेल्या वर्षीचा माघ महिना. इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या पाण्याकडेनं जाणारा रस्ता, कळाशीच्या अलीकडचा चढ. दिवस बुडत होता.

पण आधी श्रीवर्धनची संध्याकाळ सांगायला हवी. ती आमची शेवटची साधी संध्याकाळ.

मी राजेश्वरी. बारामतीत कॉलेजात शिकवते, घर शेळगावला. माझे वडील दादासो, म्हणजे आमचे तात्या, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. साठी उलटल्यावर त्यांनी माझ्या नादानं रेसिंगची सायकल घेतली. मार्गशीर्षात आम्ही दोघं कोकणात समुद्राकाठच्या रस्त्यानं निघालो. हर्णै, केळशी, हरिहरेश्वर. खाडी आली की सायकली फेरीबोटीत चढवायच्या. पलीकडे उतरलं की पुन्हा चढ, पुन्हा वळण, आणि वळणापलीकडे एकदम खाली काळा खडक आणि फेस.

तात्या कायम माझ्या मागे असायचे. पुढच्याला वारा, मागच्याला आराम, असं म्हणायचे.

पायडल मारायचं थांबलं की मागच्या चाकातून टकटक येते, हे सायकलवाल्यांना माहीत असतं. उतारावर ती ऐकू आली की मी निर्धास्त असायचे. मागे वळून बघावं लागायचं नाही.

श्रीवर्धनच्या त्या संध्याकाळी त्यांनी दोन्ही सायकलींच्या साखळ्या पुसल्या. मासे खाल्ले. समुद्राकडे बघत बसले आणि म्हणाले, "एवढं पाणी, आन् एकालाबी मोटार टाकता येईना."

मग आईला फोन लावला. समुद्र म्हंजे आपली उजनीच हाय, फकस्त मीठ जास्त पडलंय, असं तिला सांगितलं. आई पलीकडे हसलेली मला ऐकू आली.

बस. एवढंच.

दुसऱ्या दिवशी शेखाडीच्या बाजूला रस्ता अगदी पाण्याला लागून जातो. ओहोटी होती. खडक दूरवर उघडे पडले होते. तात्यांना त्या टोकापर्यंत जायचं होतं.

इथं एक गोष्ट समजून घ्या. आमच्याकडे उजनीचं पाणी हटलं की पावसाळ्यापर्यंत परत येत नाही. उघड्या पडलेल्या गाळात लोक पीक घेतात. पाणी मागे गेलं की मोटार पुढे न्यायची, यातच तात्यांचा जन्म गेला. त्यांच्या लेखी गेलेलं पाणी म्हणजे गेलेलं पाणी.

"तू हो पुढं, राजी. च्या सांग. मी आलोच."

मी पुढच्या टपरीवर दोन चहा सांगितले.

एकावर साय धरली... तात्या रमले असतील, म्हणून मी बराच वेळ बसून राहिले.

मी परत आले तेव्हा सायकल कठड्याला टेकवलेली होती. हेल्मेट हँडलला. बूट खाली, मोजे बुटांत.

खडक नव्हते.

नुसतं पाणी होतं, आणि ते रस्त्याच्या भिंतीवर आपटत होतं.

कोळ्यांनी होड्या घातल्या. पोलिसांनी शोधलं. किनाऱ्यावरच्या गावागावांत निरोप गेले. तात्या सापडले नाहीत.

मी त्यांची सायकल घेऊन घरी आले.

देह सापडत नाही, तेव्हा पळसाच्या पानांचा माणूस करतात. त्याला अग्नी देतात, मगच पुढचे दिवस धरतात. सावळारामकाकांनी, म्हणजे तात्यांच्या धाकट्या भावानं, गुरुजींना विचारून ठेवलं होतं. आईपुढं विषय काढला तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "पानांना मी नवरा म्हणू व्हय?"

कुंकू तसंच. बांगड्या तशाच. रोज तात्यांच्या वाटणीची भाकरी ती टोपल्यात ठेवायची.

काका मला ओट्यावर घेऊन गेले.

"तूच बोल आता. तुझं ऐकंल ती. आपला माणूस असा अधांतरी ठिवू नगं, राजी."

त्यांना माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. तात्या गेले. एवढंच. ते मी म्हटलं असतं तर आईनं मानलं असतं.

मी म्हणाले, अजून शोध चालू आहे.

शोध केव्हाच थांबला होता.

माघात मी पुन्हा सायकल काढली. घरात बसवत नव्हतं. उजनीचा रस्ता घेतला, कारण तिथं एका बाजूला पाणी असतं.

उतार संपला. कळाशीचा चढ लागला.

आणि मागून टकटक आली...

मी नेहमीसारखी निर्धास्त झाले. मान वळवली नाही.

मग लक्षात आलं.

चढावर टकटक येत नाही. चढावर पायडल मारावंच लागतं. थांबवलं तर सायकल जागेवर पडते.

तरी येत होती. सावकाश. माझ्या मागच्या चाकाला धरून...

मी थांबले. टकटक थांबली.

मागे रस्ता रिकामा. काठावर पक्षी असतात, त्यांचा कलकलाट असतो. त्या वेळी एकही आवाज नव्हता.

कोरड्या डांबरावर माझ्या मागोमाग चाकाचा एक ओला पट्टा आला होता. माझ्या सायकलपासून हातभर अंतरावर तो संपला होता.

मी बोट टेकवलं. जिभेला लावलं.

खारट...

उजनीचं पाणी गोडं आहे.

मला भीती वाटली नाही. आज त्याचीच भीती वाटते. मला आनंद झाला होता. वेड लागावं तसा आनंद.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. तास संपला की निघायचे. चढ लागला की टकटक यायची. मागे पाहिलं की थांबायची, म्हणून मी बघायचं सोडलं. पुढे बघूनच बोलायचे. आई जेवत नाही नीट, म्हणायचे. दुकानात अजून लोक मोटारी घेऊन येतात, दार बंद बघून परत जातात, म्हणायचे. घरी चला, म्हणायचे.

शेळगावच्या फाट्यापर्यंत आवाज यायचा. पुढे यायचा नाही. मी फाट्यावर अंधार पडेपर्यंत उभी राहायचे. येणारी-जाणारी वाहनं दिवे टाकून मला बघून जायची.

मग टकटकीत फरक पडला.

दोन टकांमधलं अंतर वाढत गेलं. मध्ये श्वास ऐकू येऊ लागला. धाप लागलेल्या माणसाचा... आणि त्या श्वासात पाणी होतं. घशात गुळगुळणारं.

मी तरीही जात राहिले. सावकाश चालवायला लागले, त्यांना जमावं म्हणून.

आणि मग त्या संध्याकाळी चढावर मेंढरं आडवी आली.

म्हातारा धनगर काठी आडवी धरून मेंढरं बाजूला घेत होता. मला वाट झाली. मी त्यातून पुढे गेले.

मेंढरं मागे मिटायला हवी होती. मिटली नाहीत.

वाट तशीच उघडी राहिली... मेंढरं दोन्ही कडांना दाटून उभी. एकही ओरडत नव्हतं.

"म्हातारबा, सोडा की मेंढरं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मागचा जाऊ दे की," तो म्हणाला.

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागे बघत होता. बघता बघता त्याचा चेहरा पडला.

"तुझाच हाय का ह्यो? मग जरा बसू दे त्याला, पोरी. लई दमलाय. अंगावरचं पाणी निथळतंय. आन् पायांत काय न्हाय त्याच्या."

काठी खाली टाकून त्यानं हात जोडले. मला नाही.

मी इतके दिवस समजत होते, तात्या माझ्यासाठी येतात.

त्यांना थांबता येत नव्हतं.

त्या रात्री मी आईजवळ बसले. ती काही न विचारता उठली आणि स्वतःच्या हातानं बांगड्या उतरवल्या. पुढच्या आठवड्यात नदीकाठी पळसाची पानं रचली. काकांनी अग्नी दिला. वाळलेली पानं होती ती. पण पेटताना त्यातून बराच वेळ पाणी सुटत होतं... गुरुजी मागे सरकले.

आवाज थांबला का, असं विचाराल. मला माहीत नाही. मी आता उतारालासुद्धा पायडल मारायचं थांबवत नाही. चाक वाजलं तर ते माझंच आहे ना, हे मान वळवून बघायची हिंमत माझ्यात नाही. मी केलं ते बरोबर की चूक, हेही ठरत नाही. आपल्या माणसाला असं कुणी सांगतं का?

पण त्या चढावर, मेंढरं दोन्ही बाजूंना उभी असताना, मी सायकलवरून उतरले. मागे वळले नाही. समोरच्या पाण्याकडे बघत, कोंडून ठेवलेलं ते मोठ्यानं म्हणाले.

"तात्या, तुम्ही बुडालात. तुम्ही गेलात, तात्या. मला तुम्ही हवे आहात, पण तुम्ही गेलात. आता उतरा."