वीतभर तार

पहिल्याच भेटीत मी त्याच्या वाळूवर कॉफी सांडली. मी घाईत दार ढकललं, समोरून तो परात घेऊन येत होता... आणि व्हायचं ते झालं.

"तीन तास वाळवली होती," तो शांतपणे म्हणाला.

"रागवा ना थोडं."

"वाळू तुमच्याच प्रयोगाची आहे, मॅडम. रागवायचं तर तुम्ही."

प्रयोगशाळेत त्याला सगळे 'वाळूवाले' म्हणायचे. माझा प्रयोग असा, की मोठ्या कॉइलमधून जोरदार प्रवाह सोडायचा आणि तो एका क्षणात तोडायचा. प्रवाह तुटला की कॉइल चवताळते, लाखो व्होल्टचा झटका देते. तोडायचं काम केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारांचं. त्या वाळूत पुरायच्या, प्रवाहाने त्यांची वाफ व्हायची, की पुढच्या वेळी पुन्हा नव्या. त्या तो ओवायचा, आणि मी कामधाम सोडून त्याची बोटं बघत बसायचे. इतकी समजूतदार बोटं मी कुणाची पाहिली नव्हती.

दहा प्रयत्न फसले. तार जळायची, पण तिच्या जागी ठिणगी पेटायची आणि प्रवाह आपला चालूच. शुक्रवारी खोली दुसऱ्या गटाकडे जाणार होती. तोवर जमलं नाही तर प्रकल्प बंद, आणि मीही घरी.

"तार आखूड पडतेय," तो हळूच म्हणाला. "वीतभर वाढवा."

"माझं गणित चुकलं म्हणता?"

"गणित कोरड्या वाळूचं आहे... इथली हवा दमट. भरता भरता वाळू ओल धरते."

मी फणकाऱ्याने वही उघडली. तासाभराने निमूट मिटली. चूक सपशेल माझी होती.

शुक्रवारी दुपारी, वीतभर लांब तारेने, शेवटचा प्रयत्न. आत काम करणारा बाहेर येऊन किल्ली देईपर्यंत बटण चालत नाही, असा आमचा नियम. त्याने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, पण हातातून सोडेचना.

"घाबरलात?"

"फसलं तर तुम्ही जाल..."

मी बटण दाबलं. धाड! पडद्यावरची रेघ सरळ वर चढली. मागे उभे असलेले आमचे प्रयोगशाळाप्रमुख सर टाळ्या वाजवायला लागले.

"आता जात नाही मी," मी म्हटलं.

"हो. सहा लाख व्होल्ट आलेत."

"व्होल्टसाठी नाही... तुमच्यासाठी."

तो कानापर्यंत लाल झाला.

"संध्याकाळी घरी याल?" तो म्हणाला. "महिनाभर आईला तुमच्याशिवाय दुसरं काही सांगितलंच नाही मी. ती रोज विचारते, आणतोस कधी?"