दाराला जेवढं आठवत होतं

'चैत्रबन'च्या अकराव्या मजल्यावरचं जिन्याचं दार आग लागल्यावर एक मिनिट पाच सेकंदांनी मिटलं. दाराची काही चूक नव्हती. त्याला तेवढंच आठवत होतं.

नाशिकच्या प्रत्येक उंच इमारतीत आता कायद्यानं अशी 'स्मृतिद्वारं' बसवलेली होती. आगीत माणसं मरतात ती बहुतेक धुरानं. धूर जिन्यात शिरला की इमारतीची चिमणी होते, म्हणून जिन्याचं दार वेळेत मिटावं लागतं. लवकर मिटलं तर माणसं आत अडकतात, उशिरा मिटलं तर वरचे सगळे गुदमरतात. आणि आगीत तारा आधी जळत असल्यामुळे ऐन वेळी कोण कुठे आहे हे दाराला दिसत नाही. ते आठवणीवर चालतं. वर्षातून दोनदा सराव व्हायचा. प्रत्येक जण मनगटाला पट्टी बांधून उतरायचा आणि कोणाला किती वेळ लागतो ते दार लक्षात ठेवायचं. आगीच्या वेळी मजल्यावरचा सर्वांत हळू माणूस येईपर्यंत ते थांबायचं, मग मिटायचं. धूर ओसरेपर्यंत कितीही ढकललं तरी उघडायचं नाही.

मात्र दीड मिनिटाहून जास्त थांबणं त्याला शक्य नव्हतं. ज्याला त्याहून वेळ लागेल, त्याला तिसऱ्या मजल्याच्या वर राहायला बंदी होती.

मुकुंद राजगुरव सोसायटीचे सेक्रेटरी, कायद्याच्या भाषेत 'जबाबदार व्यक्ती'. आग लागली त्या सकाळी ते आधीच खाली होते आणि फाटकाशी उभे राहून उतरलेल्यांच्या नावांपुढे खुणा करत होते. एकच नाव राहिलं. शालन राजगुरव, त्यांची बायको.

तीन आठवड्यांनी डॉ. फरजाना मुजावर सोसायटीच्या ऑफिसात आल्या. ही दारं त्यांनीच घडवलेली.

"काकूंना दारापर्यंत यायला एक मिनिट पाच सेकंद लागतात, असं दाराला आठवतं," त्या म्हणाल्या.

"गुडघे गेले होते तिचे. तीन मिनिटं लागायची."

"मग सरावात कोण चाललं?"

"मी. तिची पट्टी माझ्या खिशात." मुकुंदराव टेबलाकडे बघत राहिले. "खालच्या मजल्यावर जायचं नव्हतं तिला. म्हणायची, तिथं डास फोडून काढतात."

फरजाना हसल्या नाहीत. "दोन पट्ट्या एकाच पावलानं उतरल्या की यंत्राला कळतं, काका. तुमच्या इमारतीत अशा सव्वीस जोड्या होत्या."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मार्चमध्ये कळवलं होतं. जबाबदार व्यक्तीलाच कळवावं लागतं. तुमचं उत्तर आलं, 'तपासले, सर्व ठीक.' खाली सही."

त्यांना पत्र आठवेना. अशी पत्रं बरीच यायची आणि प्रत्येकाला ते न वाचताच हे उत्तर धाडायचे.

"खरं सांगितलं असतं तर दार थांबलं असतं?"

"नाही. पण काकू अकराव्या मजल्यावर नसत्या." त्यांनी पिशवी उचलली. "अजून पंचवीस जण आहेत. यादी तुम्हीच द्यायची."

दुसऱ्या दिवशी मुकुंदराव घड्याळ घेऊन दारोदार फिरले. म्हाताऱ्यांना स्वतःच्या पायांनी चालायला लावलं. चौदाव्या मजल्यावरचा खैरनार अंगावर आला. "तुमची बायको गेली म्हणून आता आमचं घर मोडताय का?"

"तसं समज," मुकुंदराव म्हणाले. "पण आईला चालू दे."

पंचवीस नावं त्यांनी लिहून पाठवली. घरं बदलायचा त्रास होईल, पण माणसं जगतील, असा त्यांचा हिशेब होता.

कुटुंबं मात्र हलली नाहीत. बंदी माणसाला होती, घराला नव्हती. महिनाभरात पंचवीस म्हातारीकोतारी तेवढी खाली उतरली. कोणी लेकीकडे गेलं, कोणी गावी, आणि बहुतेक जण शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात. खैरनारनं आईच्या खोलीत व्यायामाचं यंत्र आणून ठेवलं. फरजानांचा फोन आला, तुमची इमारत आता शहरात सर्वांत सुरक्षित आहे म्हणून.

शेवटी गेल्या नवव्या मजल्यावरच्या कमळाबाई अहिरराव. वय एक्याऐंशी. मुलगा ऑफिसला गेला होता. मुकुंदरावांनीच त्यांची बॅग रिक्षात ठेवली.

"मावशी, जिवाचा प्रश्न होता," ते म्हणाले. "मी शालनच्या बाबतीत जी चूक केली, ती…"

"तिची पट्टी खिशात घातलीत ती?"

"हो."

कमळाबाईंनी पाय हातानं उचलून आत घेतले. "कसली चूक, मुकुंदराव! तुम्हाला ती घरात हवी होती. तुमची यादी लागली त्या संध्याकाळी माझ्या लेकानं एवढंच विचारलं, आई, तुझा पलंग कधी हलवू?"