सोमवारचा खड्डा

लाल बलक. जास्वंदीसारखा लाल. त्या पावसाळ्यात कोळीवाड्यातल्या बायकांनी अंडं फोडलं की आधी वाटीत वाकून पाहायची सवय लावून घेतली.

चंद्रावरच्या तळावर बारा माणसं. एक थंड टाकी. टाकीत पोहणारे क्रिल; करंगळीएवढे, कोळंबीचे लांबचे भाऊबंद.

प्रश्न क्रमांक चार : गोळ्यांची डबी संपली का? माणसं नव्वद. उत्तर नव्वद वेळा एकच : हो.

दोन बायकांचे आलेख, एक पृथ्वीवरचा, एक चंद्रावरचा. चढ, चढ, चढ, खड्डा. पुन्हा चढ.

मैना चोगले प्रयोगशाळेच्या खुर्चीत पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन बसली होती. बर्फात हात घालून पापलेटं उपसणारी बाई, पण इथला गारठा वेगळाच, कोरडा. दंडावर रक्तलेखक चिकटवलेला होता, रुपयाएवढी चकती. रक्तात तेल किती साठलंय ते ती चकती दिवसरात्र लिहून काढत असे. मागच्या महिन्यात दोघं येऊन ती लावून गेले, गोळ्यांची नवी डबीही देऊन गेले, का ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

आज सांगत होते. टेबलापलीकडे संचालक डॉ. शेवडे, शेजारी त्यांची सहायक डॉ. इरावती केळशीकर.

"मावशी, तुमची दर्शना तळावर उत्तम काम करतेय," शेवडे म्हणाले. "पण तिला परत आणावं लागेल. तिच्या रक्तात दोष आहे. तुमच्याकडून आलेला."

मैना पुढे झुकली. त्या तळासाठी पोरीनं अकरा वर्षं घासली होती. "कसला दोष?"

इरावतीनं पडद्यावर दोन्ही आलेख आणले. "क्रिलचं साधं तेल शरीरात आलं की हळूहळू निघून जातं. आमचं हे चिरतेल पेशीच्या सालीत जाऊन बसतं. हृदयाला चांगलं, सांध्यांना चांगलं. तळावर दुसरी मासळी नाही, म्हणून रोज एक गोळी. पेशी त्याचा साठा करत जाते. पण गोळी चुकली की साठा लगेच झटकायला लागते."

"आणि साठा फार झाला तर?"

शेवडे हसले. "रक्त पातळ होतं. पण तेवढं होतच नाही. तुमच्याच वाड्यात चाचणी घेतली ना आपण? आषाढ ते भाद्रपद. नव्वद माणसं, रोज एक गोळी, महिन्याला एकदा रक्त तपासलं. एकाचंही पातळ झालं नाही. म्हणून तर तळासाठी मंजुरी मिळाली. आता बघा, बाकी अकराजणांचे आलेख कसे सरळ चढलेत! दर्शनाचा मधेच खचतो. तुमचाही, त्याच दिवशी. तुमच्या घराण्याला तेल पचत नाही." त्यांनी कागद पुढे सरकवला. "आई म्हणून इथे सही करा. तिची चूक नाही असंच लिहिलंय."

मैना पडद्याकडे बघत राहिली. बोटानं खड्डे मोजले. मग हसायलाच लागली, बाजारात गिऱ्हाईकानं शिळं-ताजं ओळखताना माती खाल्ली की हसायची तशी.

"सायेब, ह्यो दोष नाय. ह्यो सोमवार हाय."

"म्हणजे?"

"गोळीत कोळंबी हाय ना? मग सोमवारी तोंडात घालीन मी? ही चतुर्थी बघा. ही एकादस. येवढं शिकलाव नि भिंतीवरचं कालनिर्णय वाचता येत नाय?"

"पण तुम्ही दर वेळी 'हो' लिहिलंत!"

"तुम्ही इचारलंत, डबी संपली का. संपली. कोंबड्यांना टाकायचो आम्ही. म्हनून तर बलक लाल झालं. या वाड्यावर, अंडं फोडून दावते."

"क्रिलचा लाल रंग," इरावती पुटपुटली. "बलकात उतरणारच."

शेवडे ताठ झाले. "मावशी, काय बोलताय कळतंय का? तुमची मुलगी तिथे सोमवार पाळत असेल तर तिनं नियम मोडलाय. सही केलीत तर ती मानानं परत येईल. नाहीतर शिस्तभंग."

मैनेनं कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि त्यांच्या चहाच्या कपाखाली सारला.

"आना तिला खाली. नियम मोडला म्हनून आना, मी बंदरावर सांगंन, माझ्या पोरीनं चंद्रावर सोमवार पाळला. पन रक्तात खोट म्हनून नाय. आमच्या रक्ताला नाव ठेवनाऱ्या कागदावर मैना चोगलेचा अंगठासुदीक नाय मिळायचा."

"तुम्हाला विज्ञान—"

"सर," इरावती मधेच म्हणाली. ती उभी राहिली होती. "मावशी, बाकीच्यांनी? नव्वदच्या नव्वद?"

"सगळ्यांनी. काय इचारता, डॉक्टरीणबाई? मधे आख्खा श्रावण होता की! महिनाभर कोन शिवतंय?"

इरावतीचा आवाज खाली गेला. "म्हणजे चाचणीत ही गोळी सलग कोणी घेतलीच नाही. आपण मंजूर केली ती गोळी नव्हती, सर. ते उपास होते."

तिनं बाकीच्यांचे आलेख पडद्यावर परत आणले. पडद्यावर अकरा रेघा होत्या. एकीलाही खड्डा नव्हता.

"दर्शनाला खाली आणायचं नाही," इरावती म्हणाली. "तिच्याशी बोलायचंय. आत्ता."

"लावा फोन," मैना म्हणाली. "मी सांगते तिला, घाबरू नको म्हनून."

सहा आठवड्यांपूर्वी तळावरच्या अकराजणांनी हिरड्यांतून रक्त येत असल्याची तक्रार नोंदवली होती. नोंदवहीत कारण लिहिलं गेलं, कोरडी हवा.