डावीकडचा पाहुणा

ही गोष्ट ज्याला खोटी वाटेल त्याने आमच्या घरी येऊन एक दुपार बसून दाखवावं. मग बोलावं.

भुतं रात्रीच येतात हे कुणी ठरवलं कोण जाणे. हे आलं संध्याकाळी साडेपाचला. लालबागच्या नाक्यावर. ढळढळीत उजेडात, भरलेल्या ट्रामवर.

साल सत्तावन्न. महिना जानेवारी. भिंतीभिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चुन्याने रंगवलेल्या होत्या.

दौलत ट्राम चालवायचा. दौलत म्हणजे माझे आजोबा. पण तेव्हा ते तीसचेही नव्हते, म्हणून एकेरीच सांगतो. त्याची बायको चंपा, म्हणजे माझी आजी. तिच्याकडूनच हे आमच्यापर्यंत आलं.

आधी ट्रामवाल्यांची एक रीत सांगतो. ती कळली नाही तर पुढचं काही कळायचं नाही.

ड्रायव्हर पुढच्या फळीवर उभा असायचा. एका हातात हँडल, दुसऱ्यात ब्रेक. ड्यूटी संपवून घरी निघालेला दुसरा ड्रायव्हर आत पॅसेंजरांत बसायचा नाही. तो पुढे यायचा, ड्रायव्हरच्या डावीकडे हातभर जागा असायची, तिथं उभा राहायचा. पाहुणा म्हणून.

पण असंच चढायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी पायरीपाशी थांबून विचारायचं, "येऊ का?"

ड्रायव्हरचे दोन्ही हात गुंतलेले. तो पायाखालच्या घंटेने उत्तर द्यायचा. एक ठोका म्हणजे ये. दोन म्हणजे नको.

चढलं की हात पाठीमागे बांधायचे. कशाला शिवायचं नाही. विचारलं तरच बोलायचं. रुळावर काही दिसलं तरी गप्प. ज्याच्या हातात हँडल, त्याचेच डोळे. उतरताना पितळी दांड्यावर दोनदा टकटक करायचं आणि म्हणायचं, "चल, सांभाळ."

आणि एकदा ये म्हटलं की पाहुण्याला उतरवायचं नाही. तो आपणहून उतरेल तेव्हा उतरेल.

कुशाबा दौलतचा जिगरी दोस्त. नायगावला राहायचा, तोही ट्रामवालाच. तोंडात कायम तंबाखू. एकदा असाच दौलतच्या डावीकडे उभा होता. अचानक ओरडला, "दौल्या, ब्रेक!" आणि स्वतःच ब्रेक खेचला.

ट्राम गचकन थांबली. आतले पॅसेंजर एकमेकांवर पडले. एका बाईचं कपाळ फुटलं.

रुळावर कोणी नव्हतं. मांजरसुद्धा नव्हतं.

"एक पोरगं होतं रे, त्या टांग्यामागे," कुशाबा म्हणाला. "धावणारच होतं. घंटीशप्पथ!"

"कुठाय? दाखव ना. कुठाय पोरगं?"

दाखवणार काय? टांगा निघून गेला होता. दौलतचा आठ दिवसांचा पगार कापला गेला. त्याने सगळ्यांच्या देखत कुशाबाला सुनावलं, "माझ्या ट्रामवर पुन्हा तोंड उघडायचं नाहीस. समोर मरण दिसलं तरी."

कुशाबा हसला नाही. मान हलवून निघून गेला.

मग आला छप्पनचा जानेवारी. परळला दगडफेक, लालबागला जाळपोळ. दौलतला हुकूम होता, पॅसेंजर घ्यायचे नाहीत, रिकामी ट्राम डेपोत आणायची. लालबागच्या नाक्यावर खाकी कपड्यातला कुशाबा पायरीला आला. धापा टाकत.

"दौलत, येऊ का?"

दौलतने त्याच्याकडे बघितलंही नाही. राग डोक्यातच होता. पाय उचलला.

टण... टण.

कुशाबाने पायरी सोडली. रीत म्हणजे रीत. पाव तासाने त्याच नाक्यावर गोळीबार झाला.

रात्री दौलत के. ई. एम.च्या आवारात उभा होता. कुशाबाला बाहेर आणलं तेव्हा त्याचा ट्रामचा बिल्ला अजून छातीवर होता.

या गोष्टीला वर्ष झालं.

त्या संध्याकाळी ट्राम लालबागला आली. एक टोपलीवाली बाई मजेत रुळावरून आडवी चालली होती. दौलतने तिला हटवायला घंटेवर पाय दिला.

त्याच क्षणी डाव्या कानाशी...

"दौलत, येऊ का?"

टण.

एकच ठोका. पाय पडून गेला होता.

 दौलतने हळूच मान वळवली.

डावीकडे कोणी नव्हतं.

पण फळी दबली. एखादा माणूस चढल्यावर दबते, तेवढीच. आणि तंबाखूचा वास आला...

दौलतने घाईघाईने घंटा मारली. टण टण. टण टण. नको, नको. लोकांना वाटलं, ड्रायव्हरचं डोकं सरकलं. ती टोपलीवाली ओरडली, "थांब ना रे मुडद्या, उडू काय आता?"

फळी वर आली नाही. एकदा ये म्हटलं होतं ना.

डेपोपर्यंत डावीकडून आवाज नाही, हालचाल नाही. रीत सांभाळून उभा होता तो. दौलत वाट बघत होता, दांड्यावर टकटक कधी होते.

ती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरी ट्राम मिळाली. फळी आधीच दबलेली होती.

घरी जाणारे ड्रायव्हर पायरीला यायचे, विचारायला तोंड उघडायचे, डावीकडे बघायचे आणि म्हणायचे, "राहू दे, तुझ्याकडे आहे कोणीतरी." कोण, ते कोणाला सांगता यायचं नाही. पुढच्या नाक्यावर विसरूनही जायचे.

चौथ्या दिवशी परळला डावीकडून एक श्वास ऐकू आला. समोर काहीतरी भयंकर दिसल्यावर माणूस घेतो तसा. आत ओढलेला. धरून ठेवलेला...

दौलतने समोर बघितलं. रूळ मोकळा. ट्राम तशीच नेली.

गल्लीतून हातगाडी सुटून आली. मागे तिला धरायला धावणारा हमाल. दोन्ही पाय गेले त्याचे.

दुसऱ्यांदा श्वास आला तेव्हा दौलतने ब्रेक गच्च आवळला. ट्राम थांबली आणि तिच्या नाकासमोरून एक पोरगी पतंगामागे धावत गेली. फ्रॉक दांड्याला घासला.

दौलत घळाघळा रडला. सगळ्या पॅसेंजरांसमोर.

तेव्हापासून श्वास आला की तो थांबायचा. पण तिसऱ्यांदा थांबला तर काहीच आलं नाही. चौथ्यांदा नाही. दहाव्यांदा नाही. ब्रेक मारला म्हणून टळलं, की टळायला काही नव्हतंच? कोण सांगणार? जे घडलंच नाही ते कोणाला दाखवता येतं?

कुशाबालाही दाखवता आलं नव्हतं.

"बोल रे," दौलत हलक्या आवाजात म्हणायचा. "मी चुकलो. मी सांगतो ना, तोंड उघड. काय दिसतंय तुला?"

डावीकडे गप्प. नुसता तंबाखूचा वास.

मागच्या ट्राम खोळंबायला लागल्या. लोक शिव्या घालायला लागले. ऑफिसात बोलावणं आलं. शेवटी इन्स्पेक्टर शामराव स्वतः ट्रामवर चढले आणि दौलतच्या पाठीशी उभे राहिले.

"आज बघतो तुझा ब्रेक. विनाकारण थांबलास तर हँडल माझ्या हातात द्यायचं. समजलं? घरी बायको पोटुशी आहे ना तुझी?"

"आहे, साहेब."

"मग सरळ चालव."

भायखळ्यापर्यंत सरळ चालवली. परतताना लालबाग आलं.

श्वास आला.

रूळ लांबपर्यंत मोकळा होता. उन्हात चकचकत होता. फुटपाथवर एक म्हातारा शेंगा खात बसला होता, बस. दौलतला त्या हमालाचे पाय आठवले. चंपाचं पोट आठवलं. 

त्याने ब्रेक मारला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. म्हातारा शेंगा खात राहिला. काही म्हणजे काही आलं नाही.

शामरावांनी हात पुढे केला. दौलतने हँडल काढून दिलं आणि खाली उतरला. उतरताना दांड्यावर दोनदा टकटक केलं, सवयीने. मागे वळून बघितलं.

फळी दबलेलीच होती. तो उतरला नव्हता.

दौलतच्या जागी जगदीश नावाचा नवा ड्रायव्हर आला. विशीतला, तोंडाळ. दौलतला झोप लागेना. त्या पोराला श्वासाचं कोण सांगणार? तिसऱ्या दिवशी तो परळला, आपल्या चाळीखालच्या स्टॉपवर उभा राहिला. ट्राम आली.

"जगदीश, येऊ का?"

टण. "या की, दौलतदादा! जागा आत्ताच रिकामी झाली."

दौलतचा पाय पायरीवरच राहिला. "म्हणजे... कोणी उभं होतं?"

"होतं ना. तुमच्या वेळचाच कोणीतरी. तीन दिवस येतोय. भला माणूस, एक अक्षर बोलत नाही."

"मधेच श्वास घेतो का रे?"

जगदीश खो खो हसला. "मेलाय काय तो, श्वास न घ्यायला?"

"गेला कुठं?"

"उतरला की इथंच. दांड्यावर टकटक केलं, म्हणाला, 'चल, सांभाळ.' हे काय, समोरच्या चाळीत शिरला. तुम्ही तिथंच राहता ना?"

दौलत धावला. ट्राम कंपनीत आठ वर्षं काढली, पण एवढा कधी धावला नव्हता. पहिला जिना. दुसरा जिना. तंबाखूचा वास त्याच्यापुढे पुढे चालला होता. तिसऱ्या जिन्याच्या निम्म्यावर असताना वरून आवाज आला. कुशाबाचा. अगदी नम्र.

"वहिनी, येऊ का?"

दौलतने ओरडायला तोंड उघडलं. दम नव्हता. 

चंपा तांदूळ निवडत दाराकडे पाठ करून बसली होती. नवऱ्याच्या ट्रामवरचं कोणी असेल असं तिला वाटलं. दारात आलेल्याला नको म्हणायची तिची रीत नव्हती.

"या की भावजी, उंबऱ्यात काय उभे राहता? हे येतीलच एवढ्यात."

दौलत दारात पोचला तेव्हा ती सूप हातात धरून खोलीभर बघत होती.

"अहो, आत्ता तर आले होते... गेले कुठं?"

दाराच्या डावीकडची फरशी जराशी दबली होती.

त्या फरशीवर आमच्या घरात कोणी उभं राहत नाही. आजोबा गेले, आजी गेली, फरशी दोनदा बदलली. परत दबली. महिना महिना काही होत नाही. मग एखाद्या दुपारी, पंखा चालू असताना, माणसं बोलत असताना, तो श्वास येतो... आत ओढलेला.

मग आम्ही सगळे असू तिथं थांबतो. बाबा जिन्यावर असले तर जिन्यावर. आई गॅस बंद करते. मी धाकट्या बहिणीचा हात धरतो. कोणी विचारत नाही कशाला. जरा वेळाने तो श्वास सुटतो आणि आम्ही आपापल्या कामाला लागतो.

परवा दुपारी आला. धाकटी गॅलरीत होती. मी ओरडलो, "थांब!" ती थांबली. आम्ही सगळे थांबलो.

काही झालं नाही.

पण या वेळी त्याने श्वास सोडलेला नाही. आज तिसरा दिवस. मी अजून तिचा हात धरून बसलोय.