रेषेवरचा निकाल

कुपवाडच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी भांडायलाच गेले होते. मालक जेवायला गेलेला, आणि माझ्या तावडीत सापडला तो तिथला नवा इंजिनिअर... वाईचा जयराज.

"तुमच्या ह्या पेटीनं माझी पार अब्रू घालवली," म्हणत मी कॅमेऱ्यांचं चित्रण साठवायची पेटी टेबलावर आदळली.

"सावकाश ठेवा. तिचं माझ्याशी काही भांडण नाही," तो म्हणाला आणि हसला. मी चिडलेली असताना कुणी हसलं की मला आणखी राग येतो. पण त्याच्या गालाला खळी पडते, हे मी तेवढ्यातही बघून घेतलं.

बैलगाडी शर्यतीत शेवटच्या रेषेवर मी कॅमेरे लावते. कुठली गाडी पुढं, ते लगेच मोठ्या पडद्यावर दाखवायचं, हे माझं काम. मागच्या मैदानात, म्हणजे शर्यतीत, ऐन फायनलला पडदा अडकला. लोक रेषेवर उतरले, हमरीतुमरी झाली. कमिटीचे हंबीरराव म्हणाले, "सोनम, अजून एक मैदान देतो. परत अडकलं, तर कॅमेरं गुंडाळायचं."

जयराजनं पेटीचं झाकण उघडलं. "सगळे कॅमेरे एकदम लिहितात, वर तुम्ही तेच लगेच वाचायला मागता. हार्डडिस्क बिचारी धापा टाकते. तिच्यापुढं एसएसडी ही चपळ डिस्क लावू. येईल ते ती झटक्यात लिहून घेईल, मग निवांत हार्डडिस्कवर उतरवेल. आणि तुम्ही सारखं जे मागता, ते हाताशी ठेवेल."

"मी सारखं काय मागती?"

"सध्या तरी... माझा जीव."

मी हसू दाबलं. त्यानं दोन एसएसडी काढल्या.

"दोन कशाला? एक बास हाय," मी म्हटलं.

"दोन्हींत तेच लिहायचं. एकच ठेवली आणि ती मधेच गेली, तर हार्डडिस्कवर न उतरलेलं सगळं जाईल. तुम्ही एका बैलावर गाडी पळवता?"

वाईच्या माणसानं आटपाडीच्या पोरीला बैल शिकवावेत... पण मी दोन्हींचे पैसे मोजले.

त्यानंतर तो माझ्याबरोबर छोट्या मैदानांना येऊ लागला. म्हणे, तपासायला. पेटी नीट चालत होती. तो मात्र तिच्याकडं कमी आणि माझ्याकडं जास्त बघायचा. मी मान वळवली की तारा चाचपायचा. मलाही त्याची गाडी दिसेपर्यंत चैन पडत नव्हतं.

मग ते मोठं मैदान आलं. फायनलला दोन गाड्या धुळीतून एकदमच रेषेवर आल्या. दोन्हीकडून आरडाओरडा उसळला. हंबीररावांनी माझ्याकडं बघितलं — आणि तेवढ्यात पेटीवर लाल दिवा लागला.

"एक एसएसडी गेली," जयराज हळूच म्हणाला. त्याचा हात क्षणभर माझ्या हातावर आला. "दुसरीत सगळं आहे. दाबा तुम्ही बटण."

मी दाबलं.

पडदा अडकला नाही. धूळ, फुरफुरणाऱ्या नाकपुड्या, आणि वीतभर पुढं एका गाडीच्या करड्या, कोशा बैलाचं तोंड... सगळं लख्ख. सगळ्या माना पडद्याकडं वळल्या. मग हरलेल्या गाडीचा मालक धनाजी पुढं आला. "दिसलं गड्या. निकाल बरोबर हाय," म्हणत त्यानंच जिंकलेल्याला गुलाल लावला. आणि एकच जल्लोष झाला. हंबीररावांनी माईकवरून सांगितलं, या हंगामातली सगळी मैदानं सोनमची.

"जिंकलात," जयराज म्हणाला. त्याच्या पापण्यांवर गुलाल होता. "एक विचारायचं होतं... म्हणजे, आत्ताच नको—"

हा माणूस विचारणंसुद्धा आधी तपासून बघणार. मी त्याचा हात धरला आणि त्याला गर्दीतून सरळ, शर्यत बघायला आलेल्या माझ्या वडिलांपुढं नेऊन उभं केलं.

"आबा, ह्यो जयराज. लगीन करीन तर ह्याच्याशीच."

आबांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "आन् ह्याचं काय म्हणणं हाय? का तुझं तूच ठरवलंस?"

जयराज त्यांच्या पाया पडला. "पेटीचं काम पहिल्याच दिवशी संपलं होतं, आबा. त्यानंतर इतकी मैदानं मी हिच्यासाठीच धूळ खातोय."

"मंग जेवायला चल घरी," आबा म्हणाले. त्यांनी मूठभर गुलाल आधी माझ्या कपाळाला लावला, मग त्याच्या.